जारचं पाणी

दिपमालाची रेघ सतराव्यांदा खाली आली, तेव्हा समीक्षा मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली होती.

जळगावातल्या त्या कॉलेजची संशोधनाची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत पेशी वाढवायच्या, दुसरीत सूक्ष्मदर्शक. पेशी उंदराच्या, मेंदूच्या तळाशी जी इवलीशी ग्रंथी लोंबते तिच्यातल्या. ह्या पेशी एकच काम जन्मभर मन लावून करतात. आईच्या अंगात दूध तयार व्हावं म्हणून जे संप्रेरक लागतं, ते बनवतात. वरून निरोप आला की पेशीच्या आवरणातून इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट नावाचा बारका तुकडा सुटतो, आत पोहत जातो आणि पेशीनं साठवून ठेवलेल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतो. कॅल्शियम भसकन बाहेर येतं, संप्रेरकाच्या थैल्या काठाला लागतात आणि रिकाम्या होतात. पेशीत आधीच घातलेला रंग त्या वेळी उजळतो, आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ ताडकन उभी राहते. पण कोठारातलं पुरून पुरून किती पुरणार? रेघ वर टिकायची तर पुढचं कॅल्शियम पेशीभोवतीच्या द्रावणातून आत यावं लागतं. द्रावणात ते नसेल तर रेघ चढते तशीच मिनिटभरात उतरते.

दिपमालाची रेघ दर वेळी अशीच उतरायची. समीक्षाची मात्र उतरली नव्हती. एप्रिल महिन्यात, कॅल्शियम नसलेल्या द्रावणात, एकदा दोनदा नाही, नऊ वेळा ती वरच तरंगत राहिली होती. योगराज सरांनी तो आलेख छापून स्वतःच्या केबिनमध्ये लावला होता. त्यांचं म्हणणं, ह्या पेशींत त्या इनॉसिटॉलच्या तुकड्याचा चार फॉस्फेटवाला भाऊबंद कोठाराचं दार धरून उभा राहत असणार. बाहेरच्या कॅल्शियमची गरजच नाही! ह्याच आलेखावर पुढचा प्रकल्प मागायचा होता, आणि येत्या शनिवारी धुळ्याच्या चर्चासत्रात समीक्षानं तो मांडायचा होता. त्याआधी कोणीतरी दुसऱ्यानं प्रयोग करून तेच उत्तर आणावं, एवढंच राहिलं होतं. ते काम दिपमालाकडे.

"सतरा झाले," दिपमाला स्वतःशीच म्हणाली. मग हसली. "अक्का, तुमच्या पेशी तुम्हालाच ओळखतात बहुतेक. मला परकी समजतात."

समीक्षानं हूं केलं.

दिपमाला शिरपूरकडची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली, घरातली पहिली एमएस्सी. समीक्षा बाळंतपणाला गेली तेव्हा दोन महिने तिच्या पेशींना दर तिसऱ्या दिवशी नवं अन्न घालायला हीच येत होती, रविवारी सुद्धा. समीक्षाची लेक मैत्री जन्मली तेव्हा आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवून घेऊन आली. "टाके वाकडे आहेत, पण मऊ आहे," म्हणाली होती.

सोमवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"चार महिने झाले, दिपमाला. द्रावण तेच, पेशी त्याच, सूक्ष्मदर्शक तोच. मग बदललं काय? हात. काही जणांचा हातच ह्या कामाचा नसतो, त्यात कमीपणा नाही. धुळ्याचं उरकलं की तू तुझं आवरून घे. शिरपूरला शिकवण्या चांगल्या चालतात म्हणे."

दिपमाला "हो सर" म्हणाली आणि बाहेर येऊन पिपेट धुवायला लागली. धुतलेल्याच पिपेट.

तोवर समीक्षाला खरंच काही माहीत नव्हतं, असं तिनं स्वतःला पुढे कितीदा तरी सांगून पाहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

माहीत झालं ते मंगळवारी, चहाच्या वेळी. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या कुंदाबाई विजेच्या किटलीत सगळ्यांचा चहा ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी किटली उपडी करून समीक्षासमोर धरली. तळाशी पांढरा, जाड, चुन्यासारखा थर.

"बघा मॅडम. नवी किटली. जूनमधी आणली. खरडून खरडून बोटं गेली माझी."

"पण मावशी, आपण तर जारचं पाणी वापरतो. आरओचं."

"कशाचं आरओ न् काय!" कुंदाबाईंनी हातानंच ते उडवून लावलं. "तो जारवाला रुपचंद माझ्या बहिणीच्या गल्लीत राहतो. बोअर मारलंय, वर मोठं कूलर बसवलंय. बोअरचं पाणी गार करतो न् निळ्या जारात भरतो. लग्नात, दवाखान्यात, ऑफिसात, सगळीकडं त्याचेच जार. लोकं गार लागलं की शुद्ध समजतात."

समीक्षाच्या हातातला कप तसाच राहिला.

एप्रिल. जळगावचा एप्रिल. पंचेचाळीस अंश, आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राची तार जळालेली. तेव्हा शुद्ध पाण्याचा कॅन खाली रसायनशास्त्र विभागातून उचलून आणावा लागे. त्या दिवशी कॅन रिकामा. वेळ दुपारी दीडची. घरी मैत्री साडेतीन महिन्यांची, दोनला दूध प्यायची तिची वेळ. समीक्षाचे दोन्ही स्तन दगडासारखे झालेले, कुर्ता आतून भिजायला लागलेला, अंगावर ॲप्रन ओढून ती तशीच उभी. दोन मजले उतरायचे, चावी मागायची, रजिस्टरवर सही करायची, वीस लिटर पाणी घेऊन परत चढायचं. कोपऱ्यात जार होता. आरओचं आहे, तिनं मनाशी म्हटलं. आरओमध्ये राहतंय काय? अर्धा लिटर पाणी घेतलं, मीठ, साखर, बाकीचं सगळं तोलून घातलं, बाटलीवर "कॅल्शियमरहित" अशी चिठ्ठी चिकटवली. त्याच एका बाटलीतून पुढचे दोन आठवडे नऊ प्रयोग झाले. द्रावणात उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवणारं औषध पूर्वी घालायचे, पण त्यानं पेशी काचेवरून सुटायच्या, म्हणून सरांनी ते बंद केलं होतं. म्हणजे सगळी भिस्त पाण्यावर.

आणि नोंदवहीत तिनं लिहिलं होतं, "शुद्ध पाणी, रसायनशास्त्र विभाग."

लिहिताना पेन थांबलं होतं. अगदी एक क्षणभर. तो क्षण तिला आता लख्ख आठवत होता.

बुधवारी सकाळी कोणी यायच्या आत ती पोचली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची पोरं करतात तो प्रयोग तिनं मांडला. पन्नास मिली पाणी, त्यात चिमूटभर रंग, वरून थेंब थेंब कॅल्शियम धरून ठेवणारं औषध. पाण्यात कॅल्शियम असेल तर रंग लाल. सगळं धरून झालं की निळा. रसायनशास्त्राकडचं पाणी पहिल्याच थेंबाला निळं झालं. जारचं लालच होतं. पाच मिली, दहा मिली, पंधरा. एकोणिसाव्या मिलीला ते जांभळं झालं आणि मग हळूच निळं.

एवढं कॅल्शियम तर मुद्दाम घालायच्या द्रावणात सुद्धा नसतं.

तिनं फ्लास्क धुतला, उपडा ठेवला. कोणाला दिसायला नको म्हणून. मग आपण तो का लपवला, ह्याचीच लाज वाटून मोरीपाशी उभी राहिली. त्यानंतर तिनं खऱ्या पाण्याचं द्रावण करून स्वतःच्या हातानं एक प्रयोग केला. रेघ चढली. मिनिटभरात उतरली. दिपमालाच्या सतरांसारखीच, तंतोतंत.

तिनं एप्रिलचं ते पान उघडलं. प्रत्येक पानाखाली दुसऱ्या कोणाची तरी साक्षीची सही लागते, असा सरांचा नियम. पानाखाली दिपमालाची सही होती. तो दिवसही आठवला. "अक्का, तुम्ही निघा, बाळ रडत असेल. मी करते सही," असं म्हणत तिनं न वाचताच सही ठोकली होती. ज्या खोट्यापायी तिचा हात वाईट ठरला, त्याच्याखाली तिचंच नाव होतं.

घरी आल्यावर मैत्रीला पदराखाली घेतलं, तर दूध सुटेना. पोर ओढून ओढून रडायला लागली. सासूबाई द्रौपदाबाई भाकरी टाकता टाकता उठून आल्या.

"काय व्हयनं व तुले? दोन दिन पासून पाही ऱ्हायनू. अशी उपाशी ऱ्हायनी ते दूध आटी जाई."

"काही नाही, आई. शनिवारचं टेन्शन."

"त्यानं इतलं काय शे? तू हुशार शे. बठ्ठासले दखाडी दे."

बठ्ठासले दखाडी दे. सगळ्यांना दाखवून दे. समीक्षानं मान खाली घातली आणि मुलीच्या टाळूवर हनुवटी टेकवली. ह्या टाळूखाली, ह्या एवढ्याशा डोक्यात, तिच्या स्वतःच्या डोक्यात, असल्याच पेशी निरोपाची वाट बघत असतात. लाजेचा काय निरोप जात असेल त्यांना?

प्रशीलला, नवऱ्याला, सांगावंसं वाटलं. तो अमळनेरला बँकेत, रात्री दमून यायचा. तो म्हणाला असता, "अगं, सांगून टाक ना, त्यात काय!" म्हणूनच सांगितलं नाही. त्यात काय, हे तिला कोणाकडूनही ऐकायचं नव्हतं.

शनिवारी सरांच्या गाडीतून निघाले. द्रौपदाबाईंचे भाऊ धुळ्याला देवपुरात राहत, त्यामुळे त्याही मैत्रीला घेऊन मागे बसल्या. एरंडोल येईपर्यंत सांगते, असं समीक्षानं ठरवलं. एरंडोल आलं. सर म्हणाले, "आज त्या नाशिकवाल्यांची तोंडं बघ तू. आपल्या खानदेशातून असं काही निघेल, वाटलं नसेल त्यांना." एरंडोल गेलं. मग पारोळा. पारोळ्याला चहाला थांबले. सरांनी स्वतः मैत्रीला कडेवर घेतलं, तिला बिस्किट चोखायला दिलं.

"सर," समीक्षा म्हणाली.

"बोल."

"ती दिपमाला..."

"येतेय ती. गावी गेलीये, शिरपूरहून एसटीनं. मीच म्हटलं, ये, शेवटचं ऐकून जा. बरं दिसतं ते." त्यांनी रुमालानं मैत्रीची लाळ पुसली. "पोरगी वाईट नाही गं. हात वाईट आहे."

द्रौपदाबाई मागून म्हणाल्या, "सर, आमनी पोरनं भाग्य शे, तुमनासारखा मानूस भेटना."

समीक्षानं चहा तसाच ठेवला. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत ती रस्त्याकडच्या कपाशीकडे बघत राहिली. शब्द तयार होते. तोंडापर्यंत यायचे आणि परत जायचे.

हॉल फार मोठा नव्हता. साठ-सत्तर माणसं. दिपमाला अगदी मागच्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. समीक्षाला बघून तिनं अंगठा वर केला. तिनं. अंगठा.

पहिले चार आलेख पार पडले. पाचवा पडद्यावर आला. ती वर तरंगणारी रेघ, भिंतभर मोठी. समोरच्या रांगेत सरांनी पाय पसरले आणि हाताची घडी घातली, आपल्या घरचं कार्य असल्यासारखी.

"हा आलेख..." समीक्षा म्हणाली, आणि नेमकी बाहेर व्हरांड्यात मैत्री रडली.

ते रडणं तिच्या कानांत शिरायच्या आधीच छातीत पोचलं. बुधवारपासून अडलेलं दूध एकदम सुटलं. हिरव्या कुर्त्यावर डाग उमटला, मग दुसरा. ओढणी पाठीमागे खुर्चीवर राहिली होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी चटकन नजर खाली वळवली. समीक्षाचे कान तापले. माइक सोडून पळावंसं वाटलं. आणि मग ध्यानात आलं, ह्याहून मोठी लाज तर ती अजून पोटातच घेऊन उभी आहे. हे तर नुसतं दूध आहे.

"हा आलेख चुकीचा आहे," ती म्हणाली.

सरांनी हाताची घडी सोडली.

"पेशींची चूक नाही. माझी आहे. द्रावण मी शुद्ध पाण्यात केलं नव्हतं. प्यायच्या पाण्याच्या जारमधून पाणी घेतलं होतं. ते बोअरचं निघालं. मी बुधवारी तपासलं. त्यात कॅल्शियम भरपूर आहे. म्हणून रेघ वर राहिली. आमच्या प्रयोगशाळेत दिपमालानं हाच प्रयोग खऱ्या द्रावणात सतरा वेळा केलाय. रेघ सतराही वेळा खाली आली. तिचे आलेख बरोबर आहेत. ते आज इथं नाहीत, कारण..." तिनं मागच्या रांगेकडे बघितलं. "कारण आम्ही ते चुकीचे समजत होतो."

कोणीतरी खुर्ची सरकवली. समोरचे एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक चष्मा काढून म्हणाले, "बाई, चूक होते. पण नोंदवहीत पाणी कुठलं म्हणून लिहिलं होतं?"

हाच प्रश्न. तिला वाटलं होतं, हा कोणी विचारणार नाही.

"शुद्ध पाणी, असं लिहिलं होतं."

"सवयीनं?"

त्यांनी दिलेला तो शब्द केवढा सोयीचा होता. धरला असता तर सगळे मान हलवून पुढे गेले असते.

"नाही, सर. लिहिताना मला माहीत होतं."

ती खाली उतरली, ओढणी घेतली, सरांच्या समोरून बाहेर गेली. त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

व्हरांड्यात द्रौपदाबाईंनी पोर तिच्या हातात दिली. खांबाआड बसून समीक्षा पाजायला लागली. मैत्री गटागटा पीत होती, मधूनच दम घेत, एक हात आईच्या ओल्या कुर्त्यावर आपटत. हिला काही माहीत नव्हतं, हे किती बरं होतं.

थोड्या वेळानं सर आले. पाठ वळवून, पायऱ्यांकडे तोंड करून उभे राहिले.

"दोन तास माझ्या गाडीत बसली होतीस."

"हो सर."

"पारोळ्याला चहा प्यालो आपण."

"हिंमत झाली नाही, सर."

"आणि सत्तर लोकांपुढे झाली!" त्यांनी चष्मा काढला. "केबिनमधला आलेख मी रोज बघत होतो. मला तरी कुठं प्रश्न पडला? आवडलं म्हणून खरं वाटलं." मग एकदम रागानं, "प्रकल्पाचं आता काय सांगू मी लोकांना? परत गाडीत येणारेस का एसटीनं?"

"एसटीनं येईन, सर."

"मूर्ख आहेस. लेकराला घेऊन एसटीनं? पाचला निघू." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. दिपमाला खाली उभी होती. "ए, तुझे सगळे आलेख सोमवारी घेऊन ये. सतराही. आवरायचं बघू नंतर." त्यांना आणखी काही म्हणायचं असावं. पण ते चष्मा पुसायला लागले आणि पुसत पुसतच निघून गेले.

दिपमाला वर आली नाही. समीक्षानं खांबाआडून बघितलं. ती पिशवी खांद्याला लावून, फाटकातून बसस्टँडच्या दिशेनं चालत गेली. एकदाही मागं वळली नाही.

सोमवारी समीक्षा नऊलाच पोचली. दिपमाला आधीच आलेली होती. "अक्का" नाही, काही नाही. समीक्षानं एप्रिलची नोंदवही काढली. खोडायचं नसतं, पांढरं लावायचं नसतं. चुकीवर एकच रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, शेजारी खरं लिहून तारीख घालायची. तिनं "शुद्ध पाणी, रसायनशास्त्र विभाग" ह्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, "जारचं पाणी. लिहिताना माहीत होतं." सही केली. मग वही दिपमालासमोर ठेवली. साक्षीची सही लागणार होती.

दिपमालानं वाचलं. परत वाचलं.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी खोलीवर जाऊन माझे हात बघायचे. आरशात नाही, नुसते हात. घरी आईला फोनवर सांगितलं, मला नाही जमत. माझी आई म्हणाली, भाकरी तर गोल करतेस की गं."

माफी हा शब्द समीक्षाला फार हलका वाटला. तरी म्हणाली.

दिपमालानं पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. उठली. कोपऱ्यातल्या निळ्या जारची तोटी फिरवून पन्नास मिली पाणी मोजून घेतलं. चिमूटभर रंग टाकला. पाणी लाल झालं.

"मागच्या वेळी सही न बघता केली होती मी," ती म्हणाली. "आता बघून करते. तुम्ही बाजूला व्हा. उजेड अडतोय."

समीक्षा बाजूला झाली. दिपमालाचा हात औषधाच्या नळीच्या तोटीवर स्थिर होता. एक थेंब, मग एक थेंब. पाणी लालच होतं. निळं व्हायला अजून बराच वेळ होता, आणि दोघी उभ्या राहिल्या.